नळावरचा धडा

आदर पुस्तकातून शिकता येतो, असे मला वाटत नाही. तो शाळेच्या नळापाशी शिकला जातो. गुरुजींना 'अहो' म्हणणारा मुलगा शाळा झाडणाऱ्या बाईंना 'ए' म्हणू लागला, तर त्याला हुद्दा तेवढा कळला, माणूस कळला नाही. १९०० साली भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाटही रोज घरून आणून सायंकाळी परत न्यावे लागे. नळाला हात लावायचा नाही! शिपायाने तो सोडला तर पाणी. शिपाई नसला, तर तहान तशीच. भोवतालची मुले का जन्मतः निर्दय होती? नळावर मोठी माणसे कशी वागतात, हे ती रोज पाहत होती.