बंदूक दाराबाहेर ठेवा

देवळाली कॅम्पच्या मुलांना तोफेच्या आवाजाचं विशेष काही वाटत नाही. स्कूल ऑफ आर्टिलरीचा सराव सुरू असला की आवाज वर्गापर्यंत येतो, पण मुलं पाढे म्हणायचं थांबत नाहीत. शस्त्र म्हणजे सैनिकाच्या हातातली वस्तू, हे त्यांना न शिकवता कळलेलं असतं. म्हणूनच ग्रामसभेचा पाठ शिकवताना एका मुलाने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. "सर, ग्रामसभेत कुणी कमरेला पिस्तूल लावून आला तर? लायसन असेल तर चालतं ना?"

नाही चालत. आणि हे उत्तर आपल्यापैकी बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. परवाना मिळाला म्हणजे कुठेही पिस्तूल घेऊन फिरायची मुभा मिळाली, असं नाही. परवान्यासोबत अटी असतात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार इथे विशेष परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी ते हातात घेऊन मिरवायलाही मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, वरातीत हौसेने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली निघणारा मनाई आदेश आपण सणासुदीला पेपरात वाचतोच. त्या काळात तर शस्त्रंच काय, काठ्यासुद्धा बंद.

मतदान केंद्राचा नियम आपल्याला जास्त जवळचा, कारण निवडणुकीची ड्युटी आपल्याला चुकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३४ ब नुसार मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास शस्त्र घेऊन जाणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि दोषी ठरला तर परवानाही रद्द. गंमत म्हणजे यातून ज्यांना सूट आहे त्यांत पोलिसांबरोबर केंद्राध्यक्षाचंही नाव आहे. म्हणजे आपलंच! आपल्या हातात असते ती शाईची बाटली, आणि तेवढ्यावर दिवस पार पडतो. कारण रांगेतल्या माणसांनी हत्यार घरी ठेवलेलं असतं.

मग अडतं कुठे? नियम दारापाशी सैल पडतो. २४ सप्टेंबर २०२१ ला दिल्लीच्या रोहिणी कोर्टात दोघे जण वकिलाच्या वेशात आत शिरले आणि त्यांनी भर कोर्टात एका आरोपीला गोळ्या घातल्या. काळा कोट बघून तपासणी ढिली पडली, तर यंत्रं असून उपयोग काय? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या सुरक्षेसाठी सूचना दिल्या. आपल्या राज्यातही २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरला थेट पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. जिथे तक्रार घेऊन जायचं, तिथेच हे घडलं.

यावर कुणी म्हणेल, "ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने काय करायचं?" प्रश्न खरा आहे. पण अशा माणसाला संरक्षण देणं हे पोलिसांचं काम. त्याने दारावर शस्त्र जमा करावं, पावती घ्यावी, जाताना परत न्यावं. अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो हक्क घराबाहेरही मानला, पण त्याच निकालात विधिमंडळं, मतदान केंद्रं आणि न्यायालयं या जागा वेगळ्या धरल्या. तिथे बंदी घालता येते, असं म्हटलं. हे आपणही ध्यानात घ्यावं.

नाशिककर म्हणून आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. मुलं विचारतात, "मग ते कसं चाललं?" मी सांगतो, तेव्हा राज्य परक्यांचं होतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं होतं, आणि कलेक्टर बदलायचं मत सामान्य माणसाच्या हाती नव्हतं. कान्हेरे फाशी गेले. आज ग्रामसभा आपली, कोर्ट आपलं, मतही आपलं. तिथे पिस्तूल नेणारा कुणाविरुद्ध नेतो? शेजारी बसलेल्या गावकऱ्याविरुद्धच ना?

माझं म्हणणं इथेच येतं. पिस्तुलातून गोळी सुटायलाच लागते असं नाही. कमरेला नुसतं दिसलं तरी पाण्याच्या टाकीचा हिशेब विचारायला उठणारी बाई खाली बसते. पंच गप्प होतात, साक्षीदाराला आठवेनासं होतं. अशा सभेत ठराव एकमताने होतो आणि इतिवृत्तात भीतीची नोंद नसते.

म्हणून दोन साध्या गोष्टी व्हाव्यात. ग्रामसभेच्या नोटिशीत एक ओळ असावी: "सभेत परवानाधारक शस्त्रासही मनाई आहे." आणि कोर्टाच्या दारावर वकील, पुढारी, पक्षकार अशी सगळ्यांची तपासणी सारखीच व्हावी.

आपल्या वाट्याचं कामही आहे. वर्गात अभिरूप ग्रामसभा घ्या आणि सभेचे नियम मुलांनाच लिहू द्या. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल खुशाल उडवू दे त्यांना. पण सभेत बोलायचं असेल तर हात वर करायचा, आणि तो हात रिकामा हवा, एवढं त्यांना चौथी-पाचवीतच कळायला हवं.