मुख्य कचेरीचे दर्शन

वाणिज्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना एखाद्या मोठ्या कंपनीची मुख्य कचेरी दाखवावयास नेण्याची प्रथा आता मुंबईत चांगलीच रुळली आहे. तरुणांनी आपले भावी कार्यक्षेत्र प्रत्यक्ष पाहावे, तेथील माणसांशी बोलावे आणि मग आपला मार्ग निवडावा, हा तिचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तेथे त्यांना काय दाखविले जाते आणि मुळात तेथवर पोहोचते कोण, हा.

अशा भेटीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रवेशद्वारी स्वागत, वातानुकूलित सभागृहात कंपनीच्या भरभराटीची चित्रफीत, एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे भाषण, अल्पोपाहार आणि शेवटी पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्र! हिशेबाचा, खरेदीचा किंवा वसुलीचा विभाग मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. वास्तविक बी. कॉम. झालेल्या कितीतरी मुलामुलींचे आयुष्य जावयाचे असते ते याच विभागांत. पुरवठादाराचे बिल आले म्हणजे ते खरेदीच्या आदेशाशी आणि माल पोहोचल्याच्या नोंदीशी कसे ताडून पाहतात, वस्तू व सेवा कराची नोंद कशी होते, रक्कम कोणाच्या मंजुरीने सुटते आणि अडली तर कोठे अडते, असे एखादे बिल जरी कोणी आरंभापासून अखेरपर्यंत त्यांच्यासमोर फिरवून दाखविले, तरी त्या दिवसाचे सार्थक होईल. लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, असा २००६ सालचा कायदा आहे. तो पाळला जातो काय, हा प्रश्नही एखाद्या विद्यार्थ्याने तेथे अवश्य विचारावा. पाच वर्षांच्या नोकरीनंतर वेतन किती असते, कायम किती आणि कंत्राटी किती, हेही विचारण्यात संकोच नको. आमच्या मध्यमवर्गीय घरांत पगाराविषयी चारचौघांत बोलणे अशिष्ट मानतात. परंतु नोकरी शोधावयास निघालेल्याला हा शिष्टाचार महागात पडतो.

आता पोहोचते कोण, याविषयी. १९१३ साली स्थापन झालेले सिडनहॅम महाविद्यालय चर्चगेटजवळ आहे. तेथून १९२४ मध्ये पुरे झालेल्या, टाटा समूहाच्या ‘बॉम्बे हाउस’पर्यंत पायी वीस मिनिटांतही जाता येईल. शहरातील विद्यार्थ्याला मोठ्या कंपनीचे दार निदान येताजाता दिसते. त्याच्या नात्यागोत्यात आत काम करणारा कोणीतरी असतो. १९६१ मध्ये अहमदाबाद व कलकत्ता येथे व्यवस्थापन संस्था निघाल्या, १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज संस्था निघाली. अशा संस्थांच्या दारी कंपन्या आपण होऊन जातात. परभणीच्या किंवा चिपळूणच्या महाविद्यालयातील पदवीधराकडे मात्र कोणी जात नाही, आणि त्याने यावयाचे म्हटले तर रात्रीच्या प्रवासाचे भाडे, मुंबईतील मुक्काम आणि घरच्यांची परवानगी, हे तिन्ही त्यानेच जमवावयाचे!

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. पाचशे मोठ्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना बारा महिन्यांचा अनुभव मिळावा, हा तिचा संकल्प. आय.आय.टी., आय.आय.एम. यांचे पदवीधर आणि एम.बी.ए. झालेले उमेदवार तीतून मुद्दाम वगळले, हे योग्यच झाले. ज्यांच्यासाठी दारे आधीच उघडी आहेत त्यांना आणखी वाट कशाला? पण योजना निघाली तेव्हा दरमहाचे विद्यावेतन होते पाच हजार रुपये. एवढ्यात मुंबईत राहून जेवावे कसे, हे गणित परभणीच्या मुलीने कोणाकडून सोडवून घ्यावे?

आमची सूचना साधी आहे. कंपन्यांनी येत्या वर्षी जितक्या भेटी ठरविल्या असतील, त्यांतील निम्म्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना द्याव्यात आणि रेल्वेचे भाडे व एका रात्रीची सोय आपल्या खर्चाने करावी. सभागृहातील कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपून उरलेला दिवस विद्यार्थ्यांना दोघातिघांच्या गटांनी हिशेबनिसांच्या व खरेदी-कारकुनांच्या शेजारी बसवावे. छायाचित्र परतताना काढता येईल.