७७ मिनिटांच्या आधी

टेक्सासमधील युवाल्डे या लहानशा गावातल्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी सकाळी ११ वाजून ३३ मिनिटांनी अठरा वर्षांचा एक माजी विद्यार्थी रायफल घेऊन घुसला. पुढच्या तीन मिनिटांत पोलीस शाळेच्या इमारतीत होते. हल्लेखोराला वर्गात शिरून ठार करण्यात आले ते मात्र १२ वाजून ५० मिनिटांनी. मधल्या ७७ मिनिटांत निरनिराळ्या दलांचे मिळून ३७६ कर्मचारी तिथे जमले. वर्गातली मुले ९११ या क्रमांकावर फोन करून मदतीची याचना करत होती, बाहेर जिवाच्या आकांताने आलेल्या पालकांना पोलीस अडवून धरत होते, आणि आत ढाली व रायफली घेऊन उभे असलेले अधिकारी वर्गाच्या दाराची किल्ली शोधत होते. त्या दाराला बहुधा कुलूप लागलेलेच नव्हते, असे नंतरच्या चौकशीत आढळले. १९ मुले आणि दोन शिक्षिका या हल्ल्यात प्राणाला मुकल्या. शाळांच्या सुरक्षेवरचा अमेरिकेतला वाद तेव्हापासून या ७७ मिनिटांभोवतीच फिरतो आहे. पोलिसांनी काय करायला हवे होते, प्रत्येक शाळेत किती सशस्त्र माणसे हवीत, शिक्षकांच्या हाती बंदूक द्यावी काय. हे प्रश्न खरे आहेत. पण सगळा प्रश्न एवढाच आहे असे समजून धोरण आखले जात आहे, आणि तिथेच त्या देशाची गफलत होते आहे.

पोलिसांच्या जबाबदारीबद्दल मात्र कसलीही सवलत देता येणार नाही. कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, तेव्हा पोलिसांनी इमारतीला वेढा घातला आणि विशेष पथकाची वाट पाहिली. जखमी शिक्षक आत तासन्‌तास मदतीविना पडून राहिले आणि गेले. त्या धड्यातून साऱ्या देशाच्या पोलीस प्रशिक्षणाचा नियमच बदलला. गोळीबार चालू असेल तर जो पहिला पोहोचेल त्याने थेट आत जायचे, एकटा असला तरी जायचे, कुमक येईपर्यंत थांबायचे नाही. युवाल्डेच्या शाळा पोलिसांना हेच प्रशिक्षण हल्ल्याच्या दोनच महिने आधी मिळाले होते. तरीही पहिल्या गोळ्या झेलून मागे हटलेले पोलीस पुन्हा पुढे गेले नाहीत, आणि शाळा पोलिसांच्या प्रमुखांनी हल्लेखोराला खोलीत कोंडून घेतलेला माणूस मानले. टेक्सास विधिमंडळाच्या समितीने जुलै २०२२ मध्ये आणि केंद्रीय न्याय खात्याने जानेवारी २०२४ मध्ये या अपयशाचा पाढा वाचला. प्रस्थापित पद्धतीप्रमाणे पोलीस वागले असते तर काही जीव वाचले असते, असे तत्कालीन ॲटर्नी जनरल मेरिक गारलँड यांनी उघडपणे सांगितले. याहून कठोर निर्वाळा सरकारनेच सरकारी यंत्रणेबद्दल क्वचित दिला असेल.

पण निर्वाळा देणे वेगळे आणि जाब विचारणे वेगळे. फ्लोरिडातील पार्कलंड येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये १७ जण मारले जात असताना शाळेचा सशस्त्र रक्षक इमारतीबाहेर थांबला होता. २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. नागरिकाचे दुसऱ्याच्या हिंसेपासून रक्षण करणे हे शासनावरचे घटनात्मक बंधन नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ आणि २००५ च्या निकालांत म्हटलेले आहे. ही कायद्याची स्थिती आम्हाला असह्य वाटते. मुलाला शिकायला पाठवणे राज्य सक्तीचे करते, ते न पाळणाऱ्या पालकाला दंड करते, आणि त्याच मुलावर रायफल रोखली गेली तर आत जाण्याचे बंधन गणवेशातल्या माणसावर नाही. शाळेत नेमलेल्या पोलिसांपुरते तरी हे कर्तव्य राज्यांनी कायद्यात स्पष्ट लिहावे आणि ते मोडल्यास शिक्षा ठेवावी. न्यायालये ते काम करणार नाहीत, ते विधिमंडळांनाच करावे लागेल.

आता समजा, हे सारे झाले. पोलीस धीट झाले, दारे भक्कम झाली, किल्ल्या जागेवर सापडल्या. किती मुले वाचतील? युवाल्डेच्या हल्लेखोराने शाळेत सुमारे १४२ गोळ्या झाडल्या. त्यातल्या शंभरावर गोळ्या पहिला पोलीस इमारतीत शिरण्यापूर्वीच झाडल्या गेल्या होत्या, असे विधिमंडळाच्या समितीचा अहवाल सांगतो. कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये शाळेचा मुख्य दरवाजा बंद होता. हल्लेखोर शेजारची काच गोळ्यांनी फोडून आत आला आणि पाच मिनिटांहून कमी वेळात त्याने १५४ गोळ्या झाडल्या. २० मुले आणि सहा मोठी माणसे गेली. नॅशव्हिलच्या कॉव्हेनंट शाळेत मार्च २०२३ मध्ये पोलिसांनी युवाल्डेच्या अगदी उलट वर्तन केले. वर्दी मिळाल्यापासून १४ मिनिटांत त्यांनी हल्लेखोराला टिपले, आत शिरताना कोणी कचरले नाही आणि त्या धाडसाचे देशभर कौतुक झाले. तरीही तीन मुले आणि तीन कर्मचारी मेले होते. एफबीआयने २००० ते २०१३ या काळातल्या अशा १६० हल्ल्यांचा अभ्यास केला. ज्यांचा कालावधी कळू शकला अशा ६३ घटनांपैकी ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या. उत्तम पोलीस बळींची संख्या कमी करतात, म्हणून ते हवेतच. पण ते निघतात तेव्हा पहिले मूल पडलेले असते.

मग पोलीस आधीपासूनच शाळेत का ठेवू नयेत, हा यावरचा स्वाभाविक प्रश्न. टेक्सासने तोच मार्ग धरला. २०२३ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत एक सशस्त्र रक्षक सक्तीचा झाला आणि त्यासाठी सुरक्षेपोटी प्रत्येक शाळेमागे १५,००० डॉलर व प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० डॉलर अशी तरतूद झाली. एका पूर्णवेळ रक्षकाचा वर्षाचा पगारही यातून निघत नव्हता. पैशाची बाब क्षणभर बाजूला ठेवली, तरी पुरावा काय सांगतो? १९८० ते २०१९ या काळातल्या शाळांमधील १३३ गोळीबारांचा एक अभ्यास २०२१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. जिथे सशस्त्र रक्षक हजर होता तिथे मृत्यूंचे प्रमाण पावणेतीन पटींहून अधिक आढळले. रक्षकामुळे मृत्यू वाढले असा याचा अर्थ नाही, आणि तसा तो कोणी काढूही नये. जिथे धोका अधिक किंवा हल्लेखोराची बंदूक अधिक घातक, तिथे रक्षकही असणार. पण बंदूकधारी माणूस दिसला की हल्लेखोर बिचकेल, या गृहीतकाला या आकड्यांत आधार सापडत नाही. तो सापडेल तरी कसा? यातले बरेच जण मरायच्या तयारीनेच आलेले असतात. उलट बाजूने एक उदाहरण प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. जॉर्जियातील अपलाची हायस्कूलमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये शाळेतला पोलीस समोर येताच चौदा वर्षांचा हल्लेखोर शरण आला. रक्षक नसता तर तिथे कदाचित आणखी मुले गेली असती. पण रक्षक असूनही दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले.

याच अपलाचीच्या घटनेत पुढची गोष्ट दडलेली आहे. त्या मुलाने ऑनलाइन दिलेल्या धमक्यांची माहिती एफबीआयला मे २०२३ मध्येच मिळाली होती. स्थानिक पोलीस त्याच्या घरी जाऊन बाप-लेकांशी बोलून आले होते. त्याच वर्षाच्या शेवटी, नाताळची भेट म्हणून वडिलांनी मुलाला रायफल दिली, असे फिर्यादीतून पुढे आले. पार्कलंडच्या हल्लेखोराबद्दल त्याच्या ओळखीतल्या व्यक्तीने सुमारे सहा आठवडे आधी एफबीआयला फोन करून सावध केले होते. ती माहिती पुढच्या कार्यालयाकडे गेलीच नाही. आणि मिशिगनमधले ऑक्सफर्ड हायस्कूल तर या साऱ्याचा कळस आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला घरच्यांनी हल्ल्याच्या चार दिवस आधी पिस्तूल घेऊन दिले. तो वर्गात मोबाइलवर काडतुसे शोधताना एका शिक्षिकेला दिसला, शाळेने घरी कळवले. ३० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचे चित्र सापडले. विचार थांबत नाहीत, मला मदत करा, असे त्यावर लिहिलेले होते. आई-वडिलांना बोलावले गेले. ते आले, आणि मुलाला घरी न नेता परत गेले. शाळेने त्याला वर्गात पाठवले. दप्तर कोणी उघडून पाहिले नाही. पिस्तूल त्या दप्तरात होते, आणि काही तासांत चार विद्यार्थी मेले. मदत मागणारे मूल, पालक, समुपदेशक आणि ते दप्तर सकाळी एकाच खोलीत होते. जे करायचे होते त्याला ना हत्यार लागत होते ना चिलखत.

हा अपवाद आहे, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणारी यंत्रणा, शाळांवरील हल्ल्यांचा अभ्यास दोन दशकांहून अधिक काळ करते आहे. तिने आणि शिक्षण खात्याने पूर्वी तपासलेल्या ३७ हल्ल्यांपैकी ८१ टक्क्यांत कोणा ना कोणाला, बहुधा मित्राला किंवा भावंडाला, आधीच कुणकुण होती. २००८ ते २०१७ मधल्या ४१ हल्ल्यांच्या अभ्यासात, बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आई-वडिलांच्या वा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळवलेली होती आणि त्यातल्या जवळपास निम्म्या बंदुका धड बंदिस्तही नव्हत्या. आपल्याकडे २००७ मध्ये गुरगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलावर वर्गमित्रांनी गोळ्या झाडल्या, ते पिस्तूलही एकाच्या घरातूनच आलेले होते. म्हणून आमचे म्हणणे असे, की शाळेची सुरक्षा ७७ मिनिटांत शोधू नये. तिच्या आधीच्या महिन्यांत, घरातल्या कपाटाच्या कुलपात आणि मुलाचे ऐकून घेणाऱ्या माणसात शोधावी.

यावर अमेरिकेत ठरलेले उत्तर येते ते दुसऱ्या घटनादुरुस्तीचे. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथे घटनेने दिलेला आहे आणि नागरिकांच्या हाती लोकसंख्येपेक्षा जास्त, २०१८ च्या एका मान्यवर अंदाजानुसार ३९ कोटींवर बंदुका आहेत. मार्च १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यावर ब्रिटनने पुढच्याच वर्षी पिस्तुलांवर बंदी आणली आणि तसा शाळासंहार तिथे पुन्हा झालेला नाही. अमेरिकेत ते होणार नाही, हे मान्य करूनच बोलावे लागते. पण हक्क शाबूत ठेवूनही पुष्कळ करता येते, याचा दाखला खुद्द अमेरिकेतच आहे. पार्कलंडनंतर सुमारे तीन आठवड्यांत फ्लोरिडाने, रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांच्या सहीने, बंदूक खरेदीचे किमान वय २१ केले आणि धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची सोय केली. युवाल्डेच्या हल्लेखोराने अठरावा वाढदिवस उलटताच काही दिवसांत दोन रायफली रीतसर विकत घेतल्या होत्या. वयोमर्यादा २१ करणारे विधेयक टेक्सासमध्ये मे २०२३ मध्ये समितीत मंजूर झाले आणि सभागृहापुढे येण्याआधीच मुदत संपून बारगळले. रक्षक सक्तीचे करणारा कायदा मात्र त्याच अधिवेशनात झाला. ऑक्सफर्डच्या हल्लेखोराच्या आई-वडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. हा पायंडा योग्यच आहे. पालकांना मुलाच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात टाकणे क्रूर आहे असे काहींना वाटते. पण इथे शिक्षा मुलाच्या कृत्याची नाही. डोळ्यांसमोर खचत चाललेल्या मुलाच्या हाती पिस्तूल पडू देण्याची ती आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्हाला छळतो. मुलांवर अशी नजर ठेवायची म्हणजे प्रत्येक हट्टी, अबोल किंवा विक्षिप्त मुलावर संशयाचा शिक्का मारायचा. त्यातही कृष्णवर्णीय आणि अपंग मुलांवर तो आधी बसेल, कारण शाळेतून निलंबित होणाऱ्यांत त्यांचे प्रमाण आजही जास्त आहे. ही भीती खोटी नाही. धमकीची वर्दी सरळ पोलिसांकडे गेली तर नेमके तेच होईल. व्हर्जिनियाने २०१३ पासून सर्व सरकारी शाळांत धमक्यांचे मूल्यमापन करणारी पथके सक्तीची केली. या पथकांत शिक्षक, समुपदेशक, मानसतज्ज्ञ आणि पोलीस एकत्र बसतात आणि रागाच्या भरात बोललेले वाक्य व खरा बेत यांत फरक करतात. तिथल्या अभ्यासांत अशा शाळांमधून दीर्घ निलंबने कमी झाल्याचे आढळले. शिक्षेसाठी नजर ठेवणे आणि मदतीसाठी लक्ष ठेवणे यांत माणसे आणि वेळ यांचाच फरक असतो, आणि त्याला पैसा लागतो. युवाल्डेनंतर महिनाभरात अमेरिकी काँग्रेसने दोन्ही पक्षांच्या मतांनी जो कायदा केला, त्यात शाळांतील मानसिक आरोग्यासाठी एक अब्ज डॉलर होते. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या शिक्षण खात्याने ती अनुदाने थांबवण्याचा निर्णय घेतला. सशस्त्र रक्षकांचा आग्रह धरणाऱ्यांनी समुपदेशकांचा पैसा काढून घ्यावा, हा निर्णय आम्ही अक्षम्य मानतो. २०२० पासून अमेरिकेत एक ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक आहे, आजार किंवा अपघात नाही.

टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात हजारो मराठी घरांतली मुले या शाळांत जातात. वर्गातला दिवा मालवून बाकांमागे गप्प बसण्याची तालीम त्यांच्या शालेय वर्षाचा भाग झाली आहे. तिथे नागरिक झालेल्या मराठी पालकांनी शाळा मंडळांच्या निवडणुकीत मत द्यावे आणि उमेदवाराला रक्षकांच्या संख्येबरोबर समुपदेशकांची संख्याही विचारावी. ज्यांना मताचा हक्क नाही, त्यांनाही मंडळाच्या खुल्या बैठकीत बोलता येते. आणि मूल मित्राकडे खेळायला जाणार असेल, तर त्या घरात बंदूक आहे का, असल्यास ती रिकामी करून कुलपात ठेवली आहे का, हे फोन करून विचारावे. विचारताना संकोच वाटेल, तरीही विचारावे.