पद्मिनीच्या बॉनेटखाली

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर दोन-तीन पिढ्यांची दुकाने असलेल्या काही घरांत एखादी जुनी पद्मिनी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली आढळते. आजोबांनी ती नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली असते. तिच्या डिकीतून कापडाचे तागे आलेले असतात, आणि तिच्याच मागच्या आसनावर बसून घरात सून आलेली असते. आता नातू म्हणतो, “गाडी विकायची नाही, पण कार्लेखिंडीचा चढ तिला झेपत नाही. इंजिन नवे बसवू.” हा विचार प्रेमापोटीच आलेला आहे, म्हणूनच तो नीट तपासून पाहिला पाहिजे.

या मोटारीशी जैन समाजाचे नाते केवळ मालकीचे नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारींची जुळणी झाली. पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. १९६४ मधील ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर आली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्तीची.

जुन्या सांगाड्यात नवे इंजिन बसविण्याचा प्रयोग याच कंपनीने केला होता. १९८५ च्या ‘११८ एनई’ या मोटारीचा सांगाडा युरोपात १९६६ मध्ये आलेल्या फियाट १२४ चा, तर ११७१ सीसीचे इंजिन जपानच्या निस्सानचे होते. पण तो मेळ कारखान्यात, अभियंत्यांनी गणित मांडून घातला होता. गॅरेजमध्ये हे गणित कोण मांडणार?

जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन नातवाच्या मनात असते, कारण तेही मागची चाके फिरवू शकते. त्याची शक्ती जवळजवळ दुप्पट. पण पद्मिनीच्या चारही चाकांचे ड्रम ब्रेक मूळच्या वेगासाठीच बनविलेले. शिवाय या मोटारीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. खाऱ्या वाऱ्याने तो तळाशी, इंजिन टेकते तेथेच, गंजलेला असण्याचा संभव अधिक. त्यावर दुप्पट ओढ पडली की दोष इंजिनाचा नसला तरी धोका कुटुंबाचाच. नव्या गिअरबॉक्ससाठी तळ कापावा लागतो, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर, ज्यावर आजोबांचा हात सवयीने जातो, तोही निघून जातो.

कायद्याचा प्रश्न याहून कठीण आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. सीएनजी किंवा विजेवर चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संचाची वाट कायद्याने खुली ठेवली आहे. मात्र त्याचीही नोंद पेणच्या परिवहन कार्यालयात व्हावी लागते. नोंद नसलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, हे हिशेबी माणसाला वेगळे सांगायला नको.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या खासगी मोटारीला ‘व्हिंटेज’ नोंदणी देऊ केली आहे. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी मोटार रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. पण अट अशी की सांगाडा आणि इंजिन मूळचे हवे. म्हणजे सत्तरच्या दशकातील पद्मिनीचे इंजिन आज काढले, तर तिला मिळू शकणारा मान कायमचा जातो.

मग चढाचे काय? बहुधा मूळ इंजिन दुबळे नसते, झिजलेले असते. सिलिंडरचे बोअरिंग, नवे पिस्टन व रिंगा, व्हॉल्व्हची बैठक, स्वच्छ कार्बुरेटर आणि रेडिएटर, एवढ्या कामाने ते पुन्हा खिंड चढू लागते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबर खाते, म्हणून नळ्या व डायफ्रॅम बदलावेत. त्याआधी मात्र तळाचा गंज काढावा. पत्रा उभा राहिला तरच इंजिनाला अर्थ आहे.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. उरल्या त्या घराघरांतल्या. नातवाला वेग हवा असेल तर त्याने नवी मोटार जरूर घ्यावी. पण इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि आजोबांच्या नावाच्या नोंदणी पुस्तकातील क्रमांक जोपर्यंत एक आहेत, तोपर्यंतच ताडपत्रीखाली आजोबांची गाडी आहे. एकदा ते वेगळे झाले की उरतो तो केवळ तिचा आकार.