अंडे नासके निघाले, तर जबाब कुणी द्यायचा?

अमृत आहार योजनेखाली महाराष्ट्राच्या आदिवासी भागात 2016 पासून अंगणवाडीतल्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी द्यायचे ठरले. निर्णय चांगला होता आणि तो टिकावा असे वाटते, म्हणूनच हे लिहीत आहे. एखादे अंडे नासके निघाले की सगळ्यांची बोटे सेविकेकडे वळतात. बाईमाणसाला अंडे पारखता येऊ नये?

पारखता येते तेवढे ती पारखतेच. पातेल्यातल्या पाण्यात ताजे अंडे आडवे बसते. दिवस जातात तशी कवचाच्या बारीक छिद्रांतून ओल उडते, आतली हवेची पोकळी वाढते, अंडे उभे राहते आणि शेवटी तरंगते. पण मैत्रिणींनो, पाणी अंड्याचे वय सांगते, ते निर्धोक आहे की नाही हे सांगत नाही. साल्मोनेलाचे जंतू बुडणाऱ्या, ताज्या अंड्यातही असू शकतात. त्यांना ना वास, ना रंग. म्हणून पांढरे-पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत उकडायचे, तडकलेले मुलांना द्यायचेच नाही. अंडी धुऊन साठवू नयेत. ओल्या कवचातून जंतूंना आत वाट मिळते. आणि उकडलेले अंडे जास्त टिकते हा समज खोटा आहे, ते कच्च्याहून लवकर बिघडते.

घरी तरंगणारे अंडे वेगळ्या वाटीत फोडून वास घेता येतो. सगळीच नासकी नसतात. अंगणवाडीत अख्खे उकडून द्यायचे, तिथे फोडून बघणार कसे? बाजूलाच काढावे लागते. मग त्या अंड्याचे पैसे कुणाचे? हजेरीपटावर मुलांचा आकडा असतो. टाकून दिलेल्या अंड्यासाठी रकाना कुठे आहे? तो नसेल, तर शंका आलेले अंडेही पातेल्यात जाण्याचा धोका राहतो, किंवा सेविकेच्या तुटपुंज्या मानधनाला चाट बसते.

शाळांचेही तेच. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवून लोकवर्गणीकडे बोट दाखवले. वर्गणीतून आलेली अंडी किती दिवसांची, हे स्वयंपाकीण बाईने कुणाला विचारायचे? देणगीदाराला?

आपल्या संघटनांनी मागणी करावी ती ही: ट्रेवर तारीख हवी, संशयास्पद अंडी परत करण्याचा लेखी अधिकार सेविकेला आणि स्वयंपाकिणीला हवा, आणि टाकलेल्या अंड्यांचा खर्च योजनेतून मिळायला हवा.