चोरीचा बैल गोठ्यांत आणि नाक देवापुढें

शेतकरी बंधूंनो, समजा, कोणीं तुमच्या दावणीचा बैल रातोरात सोडून नेला आणि वर्षभर त्याच्यावर आपलें शेत नांगरलें. मग एके दिवशीं त्या चोराला उपरति झाली. तो देवापुढें जाऊन रडला, त्यानें नाक घासलें, आणि देवानें मला क्षमा केली असें तो गांवभर सांगत सुटला. बैल मात्र त्याच्याच गोठ्यांत! असल्या पश्चात्तापाला तुम्ही काय म्हणाल?

ख्रिस्ती धर्मांत पश्चात्ताप, क्षमा आणि कृतज्ञता यांना मोठें स्थान आहे. पापी मनुष्यानें पश्चात्ताप करावा, देव त्याला क्षमा करतो, आणि त्या क्षमेचे उपकार त्यानें जन्मभर स्मरावे, अशी ही शिकवण. शिकवण चांगली आहे. आणि पश्चात्ताप खरा कीं खोटा हें ओळखण्याची कसोटीहि त्याच धर्माच्या पुस्तकांत आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत यरीहो गांवच्या जक्कय नांवाच्या जकातदाराची गोष्ट आहे. लोकांकडून जकात उकळून तो गबर झाला होता. येशू त्याच्या घरीं उतरला, तेव्हां जक्कय नुसता रडत बसला नाहीं. अर्धी मिळकत गरिबांना देतों आणि ज्याला लुबाडलें असेल त्याला चौपट परत करतों, असें त्यानें कबूल केलें. त्या घराचें तारण झाल्याचें येशूनें सांगितलें, तें यानंतर!

आतां याच कसोटीवर चर्चचाच एक व्यवहार घासून पाहूं. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नांवाच्या इंग्रज मळेवाल्याचे उंसाचे दोन मळे होते. तो १७१० सालीं वारला, आणि त्याच्या मृत्युपत्रानें ते मळे आफ्रिकी गुलामांसकट इंग्लंडच्या चर्चच्या धर्मप्रसारक सोसायटीला मिळाले. धर्म शिकविणाऱ्या या सोसायटीनें गुलामांना मोकळें केलें नाहीं. उलट, कांहीं काळ त्यांच्या छातीवर 'सोसायटी' हा शब्द तापल्या लोखंडानें डागला जात असे. छातीवर डाग आणि कानीं धर्माचा उपदेश!

१८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि नुकसानभरपाई म्हणून दोन कोटि पौंड मंजूर केले. कोणाला? ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबविलें, त्या मालकांना! या सोसायटीच्या पदरांतहि ८,८२३ पौंड पडले. राबणाराच्या हातांत एक पैहि पडली नाहीं. उमेदवारीच्या नांवाखालीं त्याला १८३८ पर्यंत जुन्या मालकाकडेच राबावें लागलें. चोरानें बैल सोडला खरा, पण सोडण्याचे पैसे घेऊन!

पुढें दीडशेंहून अधिक वर्षें गेलीं. २००६ सालीं इंग्लंडच्या चर्चच्या महासभेनें गुलामांच्या वंशजांची माफी मागितली. २०२३ सालीं चर्चच्या मिळकतीच्या कारभाऱ्यांनीं, त्या मिळकतीचा गुलामांच्या व्यापाराशीं जुना संबंध असल्याचें कबूल करून, दहा कोटि पौंडांचा निधि जाहीर केला. त्याच वर्षीं सोसायटीच्या वारस संस्थेनें बार्बाडोसकरितां ७० लक्ष पौंड देऊं केले. कोणी म्हणेल, मेलेल्यांना यांतून काय मिळालें? खरें आहे. त्यांची क्षमा आतां कोणालाच मिळावयाची नाहीं. सव्वाशें वर्षांच्या फुकट मजुरीचा हिशेबहि एवढ्यानें फिटत नाहीं. तरी माफी तोंडांतून निघून पिशवीपर्यंत आली, ही जक्कयच्या वाटेवरची पायरी आहे असें आम्ही म्हणतों.

क्षमा करणें हा लुबाडलेल्याचा हक्क आहे. ती त्याच्याकडून सक्तीनें वसूल करावयाची चीज नव्हे. आपलेंच आपल्याला परत मिळालें, तर त्याबद्दल परत देणाराचे पाय धरण्याचेंहि कारण नाहीं. कृतज्ञता शोभते ती ज्याला क्षमा मिळाली त्याला, आणि ती त्यानें हातानें दाखवावी. ख्रिस्ती असो, हिंदु असो कीं मुसलमान असो, हिशेब एकच. बाबा रे, बैल आधीं ज्याचा त्याच्या दावणीला नेऊन बांध; मग देवापुढें खुशाल नाक घास!