वॉटसनच्या हॉटेलातील थप्पड

मुंबईच्या कोट विभागात, काळा घोडा चौकालगत, ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ओळखली जाणारी लोखंडी सांगाड्याची इमारत म्हणजे एकेकाळचे वॉटसन हॉटेल. या हॉटेलचा विषय निघाला की एकच गोष्ट हमखास सांगितली जाते. जमशेटजी टाटांना तेथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून 1903 मध्ये ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही ती गोष्ट. तिला भक्कम समकालीन पुरावा मिळत नाही आणि अनेक अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका व्यक्त केली आहे. तरीही ती शतकभर टिकली. उद्योगपतीचा अपमान हा राष्ट्राचा अपमान ठरतो आणि त्याने बांधलेला प्रासाद हा राष्ट्राचा विजय ठरतो, हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य आहे.

परंतु याच हॉटेलातील एक अपमान प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहून ठेवलेला आहे. 1896 च्या प्रारंभी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन मुंबईत येऊन वॉटसनमध्ये उतरला होता. त्याच्या खोलीचे सज्जाकडील दार नीट करण्यासाठी एक भारतीय नोकर गुडघे टेकून कामाला लागला. हॉटेलच्या एका युरोपीय माणसाला त्याचे काम पसंत पडले नाही. काय चुकले हे सांगण्याआधीच त्याने नोकराच्या तोंडात लगावली. नोकराने मुकाट्याने ती सोसली. असे दृश्य आपण पन्नास वर्षांत पाहिले नव्हते, असे ट्वेनने 1897 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले. त्याला आपले बालपण आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरी आठवली. त्या नोकराचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही. त्याच्या अपमानातून कोणताही प्रासाद उभा राहिला नाही.

हे हॉटेल कशातून उभे राहिले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. किल्ल्याचे तट पाडून मोकळी झालेली जमीन सरकारने लिलावात काढली. 1864 मध्ये जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने तेथील जागा घेतली. आराखडा इंग्लंडच्या रोलंड मेसन ऑर्डिशचा होता आणि ओतीव लोखंडाचे भाग डर्बीच्या कारखान्यात तयार होऊन जहाजाने मुंबईस आले. कच्चा कापूस येथून जावा आणि तयार लोखंड तेथून यावे, हा वसाहतवादी व्यापाराचा सारा धडा या एका इमारतीत वाचता येतो. 1871 मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलात वाढपासाठी इंग्रज स्त्रियाही आणल्या होत्या. वॉटसनने इंग्लंडची हवा तेवढी आणायची राहिली, असा विनोद त्या काळी प्रचलित होता.

7 जुलै 1896 रोजी याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. दर एक रुपया होता. दाखवलेल्या सहा लघुपटांपैकी एकात कारखाना सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार होते. फ्रान्समधील कामगार मुंबईच्या पडद्यावर अवतरले. मात्र त्याच शहरातील गिरणीकामगाराला ते पाहायचे तर दिवसभराच्या मजुरीहून अधिक रक्कम मोजावी लागली असती, आणि मोजली असती तरी त्या दिवाणखान्यात त्याला कोण घेणार होते? नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा त्याच कामगारांना संघटित करीत होते. त्यांच्याच प्रयत्नांमुळे 1890 मध्ये गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. पुढे आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे चार आण्यांचेही तिकीट निघाले. चित्रपट लोकांचा झाला तो हॉटेलाबाहेर पडल्यावर, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

विसाव्या शतकात वॉटसनचे वैभव ओसरले आणि हॉटेल बंद झाले. दिवाणखाने आणि खोल्या यांचे भाग पाडून ते भाड्याने दिले गेले. समोरच्या न्यायालयामुळे वकिलांनी तेथे कचेऱ्या थाटल्या. लहान व्यावसायिक आणि काही कुटुंबेही आली. साहेबांनी टाकून दिलेली वास्तू या सामान्य भाडेकरूंनी अनेक दशके वापरात ठेवली. 2006 साठीच्या जगातील शंभर धोकाग्रस्त वास्तूंच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिचे नाव आले. 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये तिच्या सज्जांचे भाग कोसळले. 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की जतन करावी, यावर तज्ज्ञांचा वाद रंगला. त्या वादात लोखंडाविषयी पुष्कळ बोलले गेले, माणसांविषयी फारच थोडे.

येथे आपल्या चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. 1947 च्या मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायद्याचे आपण निष्ठेने रक्षण केले आणि ते योग्यच होते. त्या कायद्याने लाखो कुटुंबांचे छप्पर राखले. परंतु गोठलेल्या भाड्यात इमारतीची दुरुस्ती कोणी करायची, या प्रश्नाचा पाठपुरावा आपण पुरेशा चिकाटीने केला नाही. 1969 च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसला, दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि पुढे ते म्हाडात सामील झाले. तत्त्व मान्य झाले, पण पैसा आणि राजकीय इच्छाशक्ती तोकडी पडली. मालकाने दुरुस्ती टाळावी, शासनाने नोटिसा चिकटवाव्यात आणि इमारत मोडकळीस आली की भाडेकरूच्या हक्काचाच निकाल लागावा, हा क्रम मुंबईत इतका परिचयाचा झाला आहे की त्याला अपघात म्हणणे कठीण आहे.

वारसाजतन आणि भाडेकरूंचे हक्क हे परस्परांचे शत्रू नाहीत. तसे भासवण्यात ज्यांचा लाभ आहे, त्यांना जमीन हवी आहे. अशा प्रत्येक वास्तूबाबत आपली मागणी स्पष्ट असावी. दुरुस्ती सार्वजनिक निधीतून वेळेवर व्हावी आणि तिचा खर्च जबाबदार मालकाकडून वसूल केला जावा. इमारत रिकामी करण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूला त्याच जागी परतण्याची कायदेशीर हमी लेखी मिळावी. शासनाने पर्यायी जागा आधी द्यावी, नोटीस मागाहून.

वॉटसनचे लोखंड राखलेच पाहिजे. ते ज्या व्यापारातून आले, त्याची ती साक्ष आहे. मात्र तेथे स्मृतिफलक लागेल तेव्हा त्यावर ऑर्डिश, ल्युमिएर आणि ट्वेन यांच्या नावांबरोबर त्या अनामिक नोकराचा उल्लेख असावा आणि ज्यांनी ती इमारत शेवटपर्यंत जागती ठेवली त्या भाडेकरूंचाही. टाटांना नाकारलेल्या प्रवेशाची आख्यायिका आपण मुलांना सांगतो. गुडघे टेकून काम करणाऱ्याच्या तोंडात बसलेली ती थप्पड सांगत नाही. ती सांगण्याची जबाबदारी आपली आहे.